काकांचा पॉज आणि बिनआवाजाचा कॅमेरा

शेजारचे काका रंगपंचमी झाली की इंदूर सोडून मुलीकडे बंगळूरला कायमचे जाणार, हे दिवाळीत ठरलं. त्याच दिवशी मी ठरवलं, की जाण्याआधी त्यांचा पॉज फिल्मवर घ्यायचा. यातला अवघड भाग कॅमेरा निवडण्याचा आहे, असं तेव्हा मला वाटलं होतं.

पॉज म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. काकांनी आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांत चाळीस वर्षं नायक केला. त्यातलं एक नाटक मंडळातल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं होतं आणि दर दोन-तीन वर्षांनी गणपतीत ते व्हायचंच. धाकटा भाऊ वीस वर्षांनी घरी येतो, आजारी थोरल्या भावासमोर उभा राहतो आणि म्हणतो, "मी परत आलो नाही, दादा." मग थांबतो. मग म्हणतो, "मी कधी गेलोच नव्हतो." नाटक म्हणून त्यात फार काही नव्हतं, मास्तरांचा आत्मा मला क्षमा करो. पण त्या दोन वाक्यांच्या मधला काकांचा पॉज बघायला लोक आसपासच्या देपालपुरहून, हातोदहून बस पकडून यायचे. तो सात सेकंदांचा की अकरा, यावर पोह्यांच्या ठेल्यावर भांडणं व्हायची. पॉजमध्ये काका हळूच डावीकडे वळायचे आणि मान जराशी कलती करायचे. वीस वर्षांपूर्वीचं काहीतरी त्यांना ऐकू येतंय असं वाटायचं. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी त्या नाटकाच्या तीन प्रयोगांत मोलकरीण होते. उजव्या विंगेत ट्रे घेऊन उभी असायचे आणि दर वेळी त्या ट्रेमधले कप वाजायचे.

काकू डाव्या विंगेत असायच्या. स्टुलावर बसलेल्या, मांडीवर नाटकाची वही, पायाशी चहाचा थर्मास. नावाला त्या प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला तर विंगेतून पुढचा शब्द पुरवणारं माणूस. पण काका अडले असं कधी कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे काकू नवऱ्याला चहा द्यायला येतात असंच सगळे धरून चालायचे. मंडळाला पन्नास वर्षं झाली तेव्हा काकांना शाल-श्रीफळ मिळालं आणि काकूंना नवा थर्मास.

तर मी काकांकडे गेले आणि म्हटलं, तेवढा प्रवेश करून दाखवा, मी मोबाईलवर घेते.

"बेटा, सीधी बात सांगतो," काका म्हणाले. "मोबाईल उभा धरला तर माणूस दरवाज्याच्या फटीतून बघितल्यासारखा दिसतो, आडवा धरला तर झोपलेला. वरच्या व्हिडिओत कुणी भजे तळतंय, खालच्यात कुणी कुत्र्याला आंघोळ घालतंय. त्यांच्या मध्ये माझा पॉज? बिल्कुल नाही. फिल्मवर घेशील तर उभा राहतो. असली फिल्म, आवाजासकट. एकदाच."

"आजकाल मिळते तरी का असली फिल्म?" काकूंनी विचारलं. त्यांच्या आवाजात आशा होती. ती न मिळण्याची आशा आहे, हे मला तेव्हा समजलं नाही.

"मिळते की," मी म्हटलं. मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, आणि जे माहीत नाही तेही ठामपणे सांगायची मला सवय आहे.

माझा नवरा मूळचा सांगलीचा आणि पीथमपूरच्या एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासतो. घरात भेंडीसुद्धा तो सॅम्पल मोडून बघून आणतो. त्याने रात्रीत तक्ता तयार केला. तक्त्याचा सारांश असा, की आपल्यासारख्यांना झेपतील अशा फिल्मा दोनच, आठ मिलिमीटर आणि सोळा मिलिमीटर, आणि नाटक घ्यायचं तर कॅमेऱ्यात दोन गुण हवेत. एक म्हणजे तो चालताना गप्प हवा, कारण माईक खोलीतच असणार. दुसरं, त्याची गती घड्याळासारखी एकसारखी हवी, कारण चित्र कॅमेरा घेणार आणि आवाज वेगळं यंत्र घेणार, आणि दोन्ही मागाहून जुळवायचं. कॅमेरा जरा हळू-जलद झाला की ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

"म्हणजे आपल्या मंडळाच्या खजिनदारासारखं," काका म्हणाले. त्यांना तक्ता आवडला होता.

परदेशातून येणाऱ्या माझ्या भाच्याने सोळा मिलिमीटरची तीन रिळं आणली. ती एक्स-रेच्या यंत्रातून जाऊ नयेत म्हणून विमानतळावर तो इतका भांडला, की त्याला बाजूच्या खोलीत बसवून पाणी पाजावं लागलं. एक रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. तीन रिळं म्हणजे तीन संधी. काकांचा प्रवेश दोन मिनिटांचा, त्यात पॉज सात ते अकरा सेकंदांचा.

पहिला कॅमेरा देपालपुरला मिळाला. तिथे एक वयस्क गृहस्थ होते, ज्यांनी उमेदीच्या काळात शेतीवरच्या फिल्मा काढल्या होत्या. कॅमेरा त्यांनी गव्हाच्या कोठीत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवला होता. कीड लागू नये म्हणून.

"चाबी भरो ओर चलाओ, मैडम," ते म्हणाले. "बिजली का कोई झंझट नी."

चावी भरली. कॅमेरा टर्रर्र करत अर्धा मिनिट चालला आणि दमून थांबला. ओसरीवरची शेळी उठून गेली. नवऱ्याने तक्त्यात दोन्ही रकान्यांत फुली मारली. गृहस्थांनी तरीही तो आग्रहाने आमच्या गाडीत ठेवला आणि म्हणाले, ले जाओ, घर में दिखा दो, बाद में दे जाना. घरी काकूंना दाखवला तर त्यांचा चेहरा उजळला.

"हाच घ्या," त्या म्हणाल्या. "किती मजबूत आहे. आवाज बघा ना त्याचा."

"काकू, आवाज नको आहे आपल्याला."

"असू दे ग. घरात जरा रौनक वाटते."

काकू काटकसरी आहेत, फुकटचा कॅमेरा सोडवत नसेल, असं मी मनात म्हटलं. माणूस ओळखण्यात मी अशी पटाईत.

दुसरा कॅमेरा इंदूरच्याच लालबागच्या मैदानावरच्या जत्रेत जुन्या वस्तूंच्या दुकानात दिसला. आठ मिलिमीटरचा, अंगाला माईक लावलेला, दिसायला इतका देखणा की मी तिथेच फिदा झाले. हा फिल्मवर स्वतःच आवाज घ्यायचा. फक्त त्यासाठी फिल्मच्या कडेला एक खास पट्टी लागते, आणि तसली फिल्म जगात कुठेही बनायची बंद होऊन वर्षं लोटली, हे नवऱ्याने तिथल्या तिथे मोबाईलवर शोधून काढलं. मी म्हटलं, साधी फिल्म घालू. तो म्हणाला, आपली फिल्म सोळाची आहे, हा आठचा आहे, पाच नंबरच्या पायात तीन नंबरची चप्पल. आम्ही दुकानासमोर भांडलो. दुकानदाराने मध्ये पडून नवऱ्याची बाजू घेतली, तेव्हा कुठे मी तिथून हलले.

तिसरा भोपाळच्या एका माहितीपट काढणाऱ्या गृहस्थांकडे होता. त्यांचा स्वतःचा माहितीपट अडला होता, म्हणून जानेवारीभर ठेवा म्हणाले. सोळा मिलिमीटरचा, बॅटरीवरचा, गती एकसारखी, आणि गप्प. इतका गप्प, की चालू आहे की नाही हे कळायला त्याला हात लावून बघावं लागे. नवऱ्याने तक्त्यात दोन्ही रकान्यांत बरोबरची खूण केली आणि बाजूला स्वतःची सही केली.

काकूंनी कॅमेऱ्याला कान लावला आणि म्हणाल्या, "हा बंद आहे वाटतं." मी म्हटलं, चालू आहे. त्या चहा ठेवायला आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

दोन्ही कॅमेऱ्यांची चाचणी काकांच्या दिवाणखान्यात झाली. खरी फिल्म न वापरता, भोपाळकरांनी दिलेल्या खराब फिल्मचे तुकडे घालून, फक्त आवाज तपासायला. दादांच्या जागी दिवाणावर उशी आणि तिच्यावर शाल. माईक जाळी काढायच्या काठीला बांधला. उभं कुठे राहायचं ते काकांनी ठरवलं, स्वयंपाकघराचा दरवाजा डाव्या हाताला येईल अशी जागा. दरवाज्याला पडदा. पडद्यामागे काकू, स्टूल, थर्मास.

देपालपुरच्या कॅमेऱ्यावर काकांनी प्रवेश म्हटला. हेडफोनमध्ये पिठाची गिरणी ऐकू आली.

मग भोपाळचा लावला. काका म्हणाले, "मी परत आलो नाही, दादा." थांबले. डावीकडे वळले. मान कलती केली. माझ्या अंगावर काटा आला. आणि हेडफोनमध्ये, अगदी कानाशी, कुणीतरी म्हणालं, "मी कधी गेलोच नव्हतो." मग काका म्हणाले, "मी कधी गेलोच नव्हतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानेही ऐकलं होतं.

"प्रतिध्वनी," तो पुटपुटला.

"आधी?" मी विचारलं.

पुढच्या प्रत्येक वाक्याआधी तेच. कधी कधी तर काकांचं वाक्य संपायच्या आतच त्याच्या शेपटीवर पुढचं वाक्य हलकेच ठेवलेलं. मी पडद्याच्या फटीकडे बघितलं. काकूंची वही मांडीवर मिटलेली होती आणि ओठ हलत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

काका शाल उचलून घाम पुसत होते. "कसं आलं?" त्यांनी विचारलं.

"स्पष्ट," नवरा म्हणाला. खोटं त्याला बोलता येत नाही.

मी कप ठेवण्याच्या निमित्ताने आत गेले.

"कळलं?" काकूंनी गॅसकडे बघत विचारलं. "म्हणूनच म्हणत होते, टर्रवाला घ्या."

"काकू, हे कधीपासून?"

"शुरू से. पहिल्या नाटकात अडले, मी सांगितलं. दुसऱ्यात अडायच्या आधीच सांगितलं. मग पाठ कशाला करायचं, असं झालं."

"सगळी नाटकं?"

"सगळी. नुसती कुजबुजायची पण एक तऱ्हा असते. ह्यांच्या कानापर्यंतच गेली पाहिजे, पहिल्या रांगेत नाही. यायला टाइम लागला मला."

"आणि पॉज?"

काकू हसल्या. "पहिल्या प्रयोगात मला ठसका लागला, ग. चहा उलट्या नळीत गेला. हे बिचारे तिकडे उभे. मी पदर तोंडात कोंबून खोकले, मग वाक्य दिलं, आणि टाळ्या अशा की पूछो मत. तेव्हापासून तिथे थांबायचं. मी मनात अकरा मोजते आणि मग देते. गर्दी चांगली असेल तर अकरा, नाही तर सात."

पोह्यांच्या ठेल्यावरचा वाद असा माझ्यापुरता मिटला. मला हसू येत होतं आणि राग पण येत होता. तीन प्रयोगांत माझ्या हातात कप वाजले होते, ते एका ठसक्यापायी.

"काकांना हे ठाऊक आहे?"

"त्यांना वाटतं त्यांना सगळं पाठ आहे, मी नुसती सोबतीला म्हणते." मग त्यांचा आवाज बदलला. "बेटा, ह्या गावात ह्यांची जी इज्जत आहे ना, ती तेवढ्या पॉजची आहे. नोकरीत कुणी विचारलं नाही, बंगळूरमध्ये तर 'आजोबा, लिफ्टचं बटन दाबू नका' एवढंच म्हणणार. ह्यांचा पॉज राहू दे. माझा आवाज नको त्याच्यात यायला."

आता कॅमेरा निवडणं म्हणजे काय आहे, हे मला कळलं. टर्रवाला कॅमेरा घेतला तर काकांचा मान राहतो आणि काकांचा आवाज जातो. मुका घेतला तर उलट. नवऱ्याचं म्हणणं, कुजबूज संगणकावर पुसता येईल. पॉजमधली पुसता आली असती, पण जी काकांच्या शब्दांवरच चढलेली, ती पुसली की काकाही पुसले जात होते. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून धरायचं, तर काकांना चष्म्याशिवाय पुठ्ठासुद्धा दिसत नाही. तीन दिवस आम्ही डोकं खाजवलं. शेवटी काकूच आल्या.

"मुकाच घ्या," त्या म्हणाल्या. "ह्यांच्याकडून पाठ करून घेते मी. त्या दिवशी मी तोंड उघडणार नाही."

काकांना त्यांनी सांगितलं, की घसा बसलाय आणि डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली आहे, फक्त कुजबुजायची सक्त मनाई केली आहे. असला डॉक्टर कोण, हे काकांनी विचारलं नाही. पण त्यांचं धाबं दणाणलं, हे सगळ्या गल्लीने पाहिलं. पुढचे पंधरा दिवस शहात्तर वर्षांचा तो माणूस सकाळी गल्लीत फेऱ्या मारत पाठांतर करत होता. "मी परत आलो नाही, दादा," असं त्यांनी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला तोंडावर सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "कोई बात नी भिया, कल आ जाना." रात्री काकू प्रश्न विचारायच्या, काका उत्तरं द्यायचे. बोर्डाच्या परीक्षेसारखं वातावरण. एकदा काका माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "हे लिहिलंय कुणी? खूप लांब आहे ग." मी म्हटलं, तुम्हीच चाळीस वर्षं म्हणताय. ते म्हणाले, "हो ना, पण तेव्हा एवढं लांब नव्हतं."

पंधराव्या दिवशी त्यांनी एकही शब्द न चुकता प्रवेश म्हणून दाखवला. काकूंनी त्यांना बेसनाचा लाडू दिला.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी, खिडकीतून उजेड बरा यायला लागल्यावर, आम्ही बसलो. नवऱ्याकडे आवाज आणि लाकडी पट्टी, जी आपटून चित्र-आवाजाची जुळणी करायची. माझ्याकडे कॅमेरा. काकू दरवाज्यात, पडदा बाजूला करून, चित्राच्या बाहेर, स्टुलावर. तोंडावर रुमाल धरलेला.

मी पहिलं रीळ सुरू केलं, नवऱ्याने पट्टी आपटली. काका आतल्या खोलीतून आलेच नाहीत. पुन्हा आपटली, तरी नाहीत. मग आठवलं, हा माणूस आयुष्यात कधी तिसऱ्या घंटेआधी रंगमंचावर आलेला नाही. नवऱ्याने तिसऱ्यांदा आपटल्यावर काका आले, कॅमेऱ्याला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "नारळ कुठाय?" नारळ मिळेपर्यंत रीळ संपलं.

दुसऱ्याला काका वेळेवर आले, सुंदर सुरुवात केली, आणि खिडकीखाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येऊन उभी राहिली. काकू सवयीने डबे घेऊन उठल्या आणि थेट कॅमेऱ्यासमोरून बाहेर गेल्या. आमच्या शहरात कुणाचाही पॉज असो, कचरा वेळेवर जातो.

मी तिसरं, शेवटचं रीळ घातलं. पट्टी एकदाच वाजली. काका आले.

ते याआधी कधीच इतके चांगले झाले नव्हते, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. शब्द त्यांचे स्वतःचे होते. दर वाक्याला थोडी भीती होती, पुढचं सापडेल ना अशी, आणि वीस वर्षांनी घरी आलेल्या माणसाला तीच शोभत होती. "मी परत आलो नाही, दादा," ते म्हणाले. थांबले. डावीकडे वळले. मान कलती केली.

अकरा सेकंद झाले. वीस झाले. काकूंनी रुमाल दातांत धरला होता, डोळे काकांवर. त्या मनातल्या मनात वाक्य ढकलत होत्या, मला दिसत होतं. काका विसरले होते की सवयीने वाट बघत होते, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. कॅमेरा गप्प चालला होता. इतक्या शोधून आणलेल्या त्या शांततेचा मला तेव्हा संताप आला. देपालपुरची गिरणी असती तर काकूंनी केव्हाच सांगून टाकलं असतं.

चाळीस सेकंदांच्या सुमाराला काका दरवाज्याकडे बघत आपल्या साध्या, घरातल्या आवाजात म्हणाले, "अगं, सांग की."

काकूंनी रुमाल काढला. पण त्या कुजबुजल्या नाहीत. "मी कधी गेलोच नव्हतो," त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि थांबल्याच नाहीत. "ह्या घराच्या उंबऱ्याशी मी नुसता उभा होतो, दादा. आतून कुणी हाक मारेल म्हणून." वही त्यांच्याजवळ नव्हतीच. मी कॅमेरा डावीकडे फिरवला. का फिरवला विचारू नका, त्या वेळी तिकडेच बघावंसं वाटलं. काकू स्टुलावर ताठ बसून धाकट्या भावाचं पूर्ण भाषण म्हणत होत्या, चाळीस वर्षं आतल्या आत म्हटलेलं, आणि त्यांच्या गालावर रुमालाची घडी उमटली होती. शेवटच्या वाक्याच्या अलीकडे रीळ संपलं.

"काही हरकत नाही," काका म्हणाले आणि आतल्या खोलीत निघून गेले.

फिल्म धुऊन यायला तीन आठवडे लागले. आली ती मोबाईलवर, लिंक होऊन. काकूंनी ती मोबाईल आडवा धरून बघितली आणि म्हणाल्या, "ते 'सांग की' आणि पुढचं सगळं कापून टाक. पॉजवर संपव." मी तसं केलं. पॉजनंतर पडदा काळा. गुपित सुरक्षित. खरं सांगायचं तर चित्रपट म्हणून तेही वाईट नव्हतं. पूर्ण फिल्म मी वेगळी जपून ठेवली आणि नवऱ्याला बजावलं, की काकांना हे दाखवायचं नाही.

तो हो म्हणाला. पण नापास झालेला माल लपवायचा नाही, हे त्याच्या नोकरीत त्याच्या हाडीमाशी मुरलंय. दुसऱ्या दिवशी कापलेली फिल्म बघून काकांनी विचारलं, एवढंच आलं का, आणि त्याने त्यांना सगळं दाखवलं. काकांनी ते तीनदा बघितलं, असं तो म्हणाला.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. साठेक माणसं, बहुतेकांच्या कानामागे अजून गुलाबी रंग. देपालपुरचे गृहस्थ आले होते. मी लॅपटॉपवर कापलेली फिल्म लावली होती. दिवे जायच्या आधी काका माझ्यापाशी येऊन वाकले.

"ही नाही," ते म्हणाले. "पूरी लाव."

"काका, लोकांना कळेल."

"लाव, बेटा."

मी काकूंकडे पाहिलं. त्या पहिल्या रांगेत कुणाशी तरी बोलत होत्या. मी पूर्ण फिल्म लावली.

पडद्यावर पॉज आला तेव्हा हॉलमध्ये नेहमीसारखं सामसूम झालं. कुणीतरी सेकंद मोजत होतं. मग "अगं, सांग की" आलं, थोडं हसू फुटलं, आणि मग काकूंचा आवाज आला. काकू पहिल्या रांगेत दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसल्या होत्या. फिल्म संपली, दिवे आले, आणि टाळी कुणी वाजवावी हे कुणाला समजेना. मागून हातोदचे एक म्हातारे गृहस्थ उठले. "म्हणजे तो पॉज..." ते म्हणाले आणि संकोचून खाली बसले.

काका उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळू.

"तो पॉज हिचा होता," ते म्हणाले. "सगळे हिचेच होते. मी वाट बघत उभा असायचो. लोकांना तेच आवडलं."

त्यांना आणखी काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडलं, शब्द आला नाही. ते डावीकडे वळले आणि मान जराशी कलती केली. सगळा हॉल काकूंकडे बघायला लागला. काकूंच्या पायाशी थर्मास होता. त्यांनी डोळे पुसले, पण घाई केली नाही. मी मनात मोजत होते. अकरा झाले.

"बसा आता," काकू म्हणाल्या. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.